ती दमलीय, आई

मागच्या वर्षी मार्चमधली गोष्ट. कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर हिल्स पार्कला लहान मुलांच्या ट्रॅकवर धाकटा त्याच्या पीडब्ल्यू फिफ्टीवर (यामाहाची लहान मुलांची छोटी मोटरसायकल) गोल गोल फिरत होता, आम्ही कुंपणापाशी खुर्च्या टाकून बसलेलो, डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, ऊन पण छान कोवळं. सातव्या की आठव्या फेरीला तो माझ्यासमोर येऊन थांबला आणि हेल्मेटच्या आतून म्हणाला, "आई, ती दमलीय." मी म्हटलं, अरे गाडी कधी दमते का, तूच दमला असशील, पाणी पी, अजून एक राउंड मार आणि मग जेवूया. पाणी पिऊन गेला बिचारा. अर्ध्या फेरीत गाडीचा आवाज बारीक बारीक होत गेला, एकदा कचकन झालं आणि बंद. चढावर होता म्हणून गाडी मागे यायला लागली आणि हा गाडीसकट हळूच आडवा. त्याला काही लागलं नाही, रडला पण नाही, पण मी किक मारायला गेले तर किक खाली जाईचना, दगडावर पाय मारल्यासारखं.

पिस्टन धरला होता, म्हणजे गरम होऊन सिलिंडरमध्येच अडकून बसला होता.

आता हे दुसऱ्या कुणाच्या बाबतीत झालं असतं तर ठीक, पण मी गॅरेजवाल्याची पोरगी आहे. सांगलीला अप्पांचं स्कूटरचं गॅरेज होतं, चेतक, प्रिया, एम एटी, मग नंतर आरएक्स हंड्रेड. शाळेतून आलं की मी तिथेच, रॉकेलच्या ट्रेमध्ये नटबोल्ट धुवायचे आणि कुठला पाना मागितला तर न बघता हातात द्यायचा, हे माझं काम. पुढे कॉम्प्युटरला गेले, लग्न झालं, कॅलिफोर्नियाला आले आणि वीस वर्षं हाताला ग्रीस लागलं नाही. मग नवऱ्याच्या डोक्यात मोटोक्रॉस, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकल पळवणं, शिरलं (ओकलंडला एकदा सुपरक्रॉस, म्हणजे त्याचीच स्टेडियममधली रेस, बघायला गेलो होतो, तिथून सुरू झालं सगळं) आणि आता फ्रीमॉन्टच्या घरातल्या गॅरेजमध्ये कार सोडून सगळं आहे. नवऱ्याची सेकंडहँड यामाहा वायझेड १२५, माझी होंडा सीआरएफ २३० एफ, अकरा वर्षांच्या लेकीची कावासाकी केएलएक्स ११० आणि सहा वर्षांच्या धाकट्याची ही पीडब्ल्यू. कार बाहेर उभी असते आणि त्यावर झाडाचा चीक पडतो.

तर त्या दिवशी रात्री अप्पांना व्हिडिओ कॉल लावला, तिकडे सकाळ. मी फोन गाडीसमोर धरला. अप्पांनी पहिला प्रश्न विचारला, "ऑइल होतं का गं?" मी म्हटलं टाकी भरलेली आहे अप्पा, हे बघा. या गाडीत पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागत नाही, ऑइलची वेगळी छोटी टाकी असते आणि पंप लागेल तेवढं ऑइल आपोआप इंजिनला देतो. तेव्हा अप्पा म्हणाले, "भरलेली आहे ते दिसतंय. उतरत होती का?"

मी गप्प. कारण गाडी घेऊन दोन महिने झाले होते, दहा-बारा वेळा तरी चालवली असेल आणि त्या टाकीतली लेव्हल बोटभर पण खाली गेली नव्हती. मी उलट खूश होते की वा, किती कमी ऑइल खाते.

"मग पंप मेलाय नाहीतर कुणीतरी मारलाय," अप्पा म्हणाले.

कुणीतरी मारलाच होता. कव्हर खोललं तर पंपाकडून कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढलेली आणि तोंडाला रबरी टोपी. काही लोक पंपावर विश्वास नाही म्हणून तो बंद करून सरळ पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालवतात, त्यात चूक काही नाही, पण गाडी विकताना ते सांगायचं असतं ना! आम्ही दोन महिने त्या इंजिनाला कोरडं पेट्रोल पाजत होतो. टाकीच्या तळाशी आधीच्या माणसाचं थोडं मिक्स पेट्रोल उरलं असणार आणि आम्ही दर वेळी गेटच्या आत दोन-चार फेऱ्याच मारत होतो, म्हणून एवढे दिवस तरी निघाले असं अप्पांचं मत. मला मनातून जास्त लागलं ते वेगळंच. पोरगं सांगत होतं. त्याच्या भाषेत अगदी बरोबर सांगत होतं, ती दमलीय. पिस्टन गरम होऊन सिलिंडरला घासायला लागला की गाडी ओढत नाही, कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी होते, मोठ्या माणसाला ते लगेच कळतं, तो क्लच दाबून बाजूला घेतो. सहा वर्षांच्या मुलाला कसं कळणार की हा इंजिनाचा दोष आहे? त्याला वाटतं गाडी दमली. आणि त्याच्या गाडीला क्लच पण नाही.

माझं तेव्हापासून ठाम मत झालंय की घरातल्या सगळ्या गाड्यांत सगळ्यात छोट्या गाडीची देखभाल सगळ्यात जास्त करायची. लोक उलटं करतात. बापाच्या गाडीला महागडं ऑइल, नवीन चेन, दर राइडनंतर फिल्टर, आणि पोराची गाडी काय छोटीच तर आहे, चालतेय ना, म्हणून तशीच. बाप बिघाड ओळखू शकतो, पोर नाही ओळखू शकत.

इंजिन खोलायला मजा आली खरं सांगते. हेड काढलं, सिलिंडर वर ओढला, पिस्टन बाहेर. ४० मिलिमीटरचा पिस्टन, तळहातावर ठेवला तर खेळण्यातला वाटतो. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे आणि सिलिंडरला ॲल्युमिनियम चिकटलेलं. नशीब म्हणजे या गाडीचा सिलिंडर बीडाच्या स्लीव्हचा आहे, बोअर मारता येतो, आणि ओव्हरसाइज पिस्टन सहज मिळतात. सॅन होजेला एक म्हातारा मशीनिस्ट आहे, त्याच्याकडून अर्धा मिलिमीटर मोठा बोअर करून आणला. पिस्टन आधी विकत घेऊन त्याच्या हातात द्यायचा आणि मग बोअर, हे अप्पांनी तीनदा बजावलं होतं, कारण पिस्टन मोजून त्याप्रमाणे गॅप ठेवतात.

बसवताना अप्पा व्हिडिओवर. क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबलं आधी, कारण पिस्टनच्या पिनेची सर्क्लिप बसवताना हातातून उडते आणि उडाली की ती बरोबर त्याच भोकात जाते, दुसरीकडे कुठेही जात नाही. माझी उडाली. फडक्यावर पडली. अप्पा तिकडून हसले, काही बोलले नाहीत. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला, रिंगची फट खाचेतल्या बारीक पिनेवर, रिंग बोटांनी दाबून धरायची आणि सिलिंडर हळूहळू खाली सोडायचा, जोर लावायचा नाही, जोर लागतोय म्हणजे काहीतरी चुकतंय. नवीन पॅकिंग, नवीन क्लिपा. लेक शेजारी टॉर्च धरून उभी होती आणि दर दोन मिनिटांनी टॉर्च मोबाईलकडे वळत होता, मी लहानपणी जे बोलणं खाल्लं तेच तिला दिलं.

पंपाची नळी परत जोडली, आतली हवा काढली आणि पहिल्या टाकीला खबरदारी म्हणून पेट्रोलमध्ये पण ऑइल मिसळलं, धूर झाला तर होऊ दे. आणि ऑइलच्या टाकीवर बाहेरून पांढरी पट्टी चिकटवली, मार्करने रेघ मारली, तारीख टाकली. पुढच्या राइडला रेघेपासून खाली गेलं का ते बघायचं. आता ते धाकट्याचं काम आहे आणि तो ते फार गंभीरपणे करतो. "आई, प्यायली ती," असं येऊन सांगतो.

तर गॅरेजमधल्या फ्रिजच्या वर एक पांढरा बोर्ड आहे त्यावर मी एक यादी सुरू केली, डाव्या बाजूला मुलं काय म्हणाली ते आणि उजव्या बाजूला ते काय निघालं. पहिली ओळ अर्थातच "दमलीय : ऑइल नाही, पिस्टन धरला". नवऱ्याने हसून खाली लिहिलं "भूक लागलीय : पेट्रोल संपलं". ते पण पुढे एकदा खरं झालं.

"खोकला झालाय" हे लेकीचं. केएलएक्स पावसाळ्यात, म्हणजे इथला पावसाळा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तशीच उभी होती, टाकीत पेट्रोल ठेवून. मार्चमध्ये चालू केली तर चोक ओढल्यावर चालायची, चोक बंद केला की खॉक खॉक करून बंद. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, कार्बोरेटरमध्ये पडून राहिलं की उडून जातं आणि मागे चिकट वार्निशसारखं काहीतरी राहतं, आणि त्यात सगळ्यात आधी जातो तो पायलट जेट (कमी वेगाला पेट्रोल सोडणारी पितळेची बारीक तोटी), कारण त्याचं भोक केसाएवढं. कार्बोरेटर काढायला गेले तर खालच्या, पेट्रोल साठतं त्या वाटीच्या स्क्रूची डोकी कुणीतरी आधीच घासून गोल केलेली. इथे एक गोष्ट सांगून ठेवते जी मला पण उशिरा कळली, जपानी गाड्यांचे चौफुली स्क्रू आपल्या नेहमीच्या फिलिप्ससारखे दिसतात पण फिलिप्स नसतात, त्यांचं मापच वेगळं, जेआयएस म्हणतात त्याला. फिलिप्सचा स्क्रू ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, वर चढतो आणि डोकं खातो. जेआयएसचा सेट स्वस्त मिळतो, तो घ्या, नाहीतर माझ्यासारखं पक्कडीने पकडून शिव्या देत काढावं लागेल.

जेट साफ करायला वायरीतला तांब्याचा एक बारीक तंतू पुरतो. स्टीलची सुई नको, पितळेचं भोक मोठं होतं आणि मग गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. तंतू घातला, कार्ब क्लीनर मारला, डोळ्यासमोर धरून खिडकीकडे बघितलं, आधी काळोख आणि मग टाचणीच्या टोकाएवढा उजेड दिसला. लेकीला दाखवलं तर म्हणाली, "एवढ्याशासाठी?" हो बाई, एवढ्याशासाठी. तेव्हापासून नियम आहे, राइड झाली आणि पुढचे तीन-चार आठवडे जायचं नसलं तर पेट्रोलचा कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायची, म्हणजे वाटी रिकामी.

आता ती गोष्ट जी लिहायला मला अजून बरं वाटत नाही. जुलैमध्ये धाकटा वळणावर पडला, उजव्या बाजूला, मऊ मातीत. उचलला, झटकला, परत बसवला, सगळे पालक जे करतात तेच. दोन फेऱ्यांनंतर तो ओरडायला लागला, "ऐकत नाहीये! ती ऐकत नाहीये!" आणि गाडी सरळ कुंपणाकडे. ॲक्सिलरेटर अडकला होता. नशीब हे की मनगटाला दोरी बांधलेली होती, किल स्विचची, आणि तो घाबरून हात सोडून मागे पडला तशी दोरी ओढली गेली आणि इंजिन बंद. गाडी कुंपणाच्या तीन-चार फूट अलीकडे थांबली. ही दोरी गाडीबरोबर येत नाही, वेगळी घेऊन लावावी लागते, किंमत एका पिझ्झाएवढी. छोट्या मुलाच्या गाडीला ती नसेल तर आज लावा, बाकी ब्लॉग नंतर वाचा.

घरी येऊन मूठ खोलली. हँडलच्या टोकाला, रबरी मुठीच्या आत, पडताना माती घुसली होती आणि प्लॅस्टिकची नळी हँडलच्या पाइपवर घासत होती. वरून काहीही दिसत नव्हतं. दोन स्क्रू काढायचे, नळी बाहेर, पाइप आणि नळी दोन्ही स्वच्छ कोरडी पुसायची, आणि परत बसवताना हँडलच्या टोकाशी एक-दोन मिलिमीटर जागा सोडायची, मूठ अगदी दाबून ठोकून बसवली तर माती नसतानाही घासते. तिथे ग्रीस लावायचा मोह होतो, लावू नका, ग्रीसवर धूळ बसते आणि त्याची पॉलिशपेपरसारखी लेई होते. मग केबल कुठे दुमडत नाही ना ते बघायचं.

आणि तपासणी, ही आमच्याकडे आता प्रत्येक राइडच्या आधी आणि प्रत्येक पडण्यानंतर, इंजिन बंद असताना: हँडल पूर्ण डावीकडे, मूठ पिळायची, सोडायची, टक् असा आवाज यायला पाहिजे. मग पूर्ण उजवीकडे, पुन्हा टक्. आवाज आला नाही, नुसती हळूच परत आली, तर त्या दिवशी ती गाडी चालवायची नाही, मग कितीही लांबून आलेलो असू. बोर्डवर ती ओळ मी लाल पेनाने लिहिली आहे. "ऐकत नाहीये".

नवऱ्याला तेव्हा पीडब्ल्यूचा ॲक्सिलरेटर अडवणारा स्क्रू सैल करून पोराला थोडा जास्त स्पीड द्यायचा होता. त्या दिवसानंतर विषय निघाला नाही.

बाकी देखभाल म्हणजे खरं सांगायचं तर ऐंशी टक्के एअर फिल्टर आहे. हॉलिस्टरला उन्हाळ्यात अशी धूळ असते की समोरचा माणूस दिसत नाही, पिठाच्या गिरणीत गेल्यासारखं होतं (सॅन अँड्रियास फॉल्ट त्या पार्कमधून जातो, म्हणून नवरा दर पाहुण्याला सांगतो की आपण भूकंपावर गाडी चालवतोय). फोमचा फिल्टर असतो, तेल लावलेला, धूळ त्या तेलाला चिकटते. तेल सुकलं की धूळ थेट आत, आणि मग रिंगा काही तासांत जातात. सांगलीत आम्ही फिल्टर सरळ पेट्रोलमध्ये बुचकळायचो, तसं इथे करू नका, फोमच्या जोडावरचा गोंद सुटतो, आणि गॅरेजमध्ये बादलीभर पेट्रोल घेऊन बसणं म्हणजे अप्पांचं नशीब चांगलं होतं एवढंच. फिल्टर क्लीनरने धुवायचा, मग साबणाचं कोमट पाणी, आणि पिळायचा नाही, पनीरमधलं पाणी काढतो तसा दोन तळव्यांत दाबायचा. पिळला की जोड फाटतात. पूर्ण वाळला पाहिजे, रात्रभर.

तेल लावणं हे लेकीचं खातं. झिपलॉकच्या पिशवीत फिल्टर, त्यावर तेल, पिशवी बंद आणि मग कणीक तिंबल्यासारखं तिंबत बसते, सगळीकडे एकसारखा रंग आला की झालं. हात चिकट होत नाहीत. हे तिचं तिने शोधलं, मी हातमोजे घालून करायचे आणि तरी कोपरापर्यंत बरबटायचे. मग काठाला ग्रीसचं बोट फिरवायचं, बसवायचं आणि नीट बसलाय का हे कळायला पुढच्या राइडनंतर फिल्टरच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला, पांढरं कापड पुसून बघायचं. कापडावर मातकट डाग आला तर कुठूनतरी धूळ आत जातेय. आम्ही चार गाड्यांसाठी आठ फिल्टर घेतलेत, तेल लावलेले तयार असतात डब्यात, ट्रॅकवर धुवत बसायला लागत नाही.

वायझेडबद्दल जास्त लिहीत नाही, ती माझी सवत आहे. तिला मात्र पंप-बिंप काही नाही, पेट्रोलमध्येच ऑइल, तीस भाग पेट्रोलला एक भाग, म्हणजे एका गॅलनला साधारण १२६ मिली. लहानपणी स्कूटरला लिटरमागे २० मिली टाकलेलं डोक्यात इतकं पक्कं बसलंय की मी दर वेळी कॅल्क्युलेटर काढते. मिक्स पेट्रोलच्या कॅनला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे आणि त्या कॅनला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. उलटापालट झाली तर माझी होंडा नुसती धूर काढेल, पण वायझेड साध्या पेट्रोलवर गेली की पीडब्ल्यूची गोष्ट पुन्हा, आणि या वेळी खर्च दहापट.

हां, एक सांगायचं राहिलं. वायझेडच्या पुढच्या फोर्कमधून (पुढचं चाक धरणाऱ्या, धक्के खाणाऱ्या दोन नळ्या) ऑइल यायला लागलं होतं, डाव्या नळीवर काळा ओघळ. नवरा म्हणाला सील गेलं, दुकानात देऊ. अप्पा म्हणाले आधी घाण काढून बघा, निम्म्या वेळा सील गेलेलं नसतं, मातीचा एक कण त्याच्या ओठात अडकलेला असतो. तो काढायला मिळतं एक प्लॅस्टिकचं पातं, पण जुनी युक्ती म्हणजे फोटोची निगेटिव्ह, ३५ मिलिमीटरची, बरोबर जाडी. आता निगेटिव्ह कुठून आणायची? सूटकेस उपसली तर आमच्या साखरपुड्याच्या निघाल्या. डस्ट सील खाली सरकवलं, निगेटिव्ह वर घुसवून फोर्कभोवती फिरवली, काळी चिकट रेती बाहेर आली, पुसलं, पुन्हा, तीन वेळा. गळती बंद, अजूनपर्यंत बंदच आहे. नवऱ्याने ती पट्टी उजेडात धरून बघितली आणि विचारलं, "यात मी आहे का?" म्हटलं नाही, तुझी आत्या आहे.

आणि माझी चूक पण लिहिते नाहीतर नवरा कमेंटमध्ये लिहील. माझ्या होंडाचं ऑइल बदलताना खालचा ड्रेन बोल्ट मी सांगलीच्या पद्धतीने आवळला, म्हणजे गच्च, आणि वर अजून एक पाव आटा मनाच्या समाधानासाठी. ॲल्युमिनियमचं केस, स्टीलचा बोल्ट. हाताला एकदम मऊ लागलं, लोण्यात फिरल्यासारखं, आणि पोटात गोळा आला, कारण हे मऊ लागणं मला लहानपणापासून माहितीये. आटे गेले. शेवटी हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवीन आटे, बसवावा लागला. आता टॉर्क पाना वापरते आणि मुलांना पण तोच देते, क्लिक झालं की थांब. अप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "गच्च कधी शिकवलं मी तुला? बेताने शिकवलं होतं." असेल बाबा.

चेन आणि स्पोक लवकर आटपते. चेनच्या जोडकडीची क्लिप, तिचं बंद तोंड गाडी ज्या दिशेला जाते त्या बाजूला, उघडं तोंड मागे, हे उलटं बसवलेलं मी ट्रॅकवर दोघांच्या गाडीला बघितलंय. चेन किती सैल हवी तो आकडा मॅन्युअलमध्ये असतो, अंदाजाने ताणू नका, ताणलेली चेन सैल चेनपेक्षा वाईट, बेरिंग खाते. आणि धुताना प्रेशरचं पाणी चाकाच्या मध्यावर आणि हँडलच्या गळ्यावर मारायचं नाही, ग्रीस निघून जातं आणि पाणी आत राहतं. सायलेन्सरच्या तोंडाला बूच. स्पार्क अरेस्टरची, म्हणजे सायलेन्सरमधल्या ठिणग्या अडवणारी, जाळी वर्षातून एकदा तरी काढून ब्रशने घासायची, ती नसेल तर इथल्या स्टेट पार्कमध्ये चालवू देत नाहीत, आणि ऑगस्टमधलं ते वाळलेलं पिवळं गवत बघितलं की का ते विचारावं लागत नाही.

स्पोक तपासायचं काम लेक करते आणि ते मला स्वतःला तिच्याइतकं जमत नाही. छोटा पाना घेऊन चाक फिरवत एकेक तार हळूच वाजवायची, घट्ट असेल तर टुण्ण, सैल असेल तर ठप्प. ती हार्मोनियम शिकते त्यामुळे कान तयार आहे. मागच्या महिन्यात म्हणाली मागच्या चाकाची एक तार "बेसूर" आहे, ठप्प नाही, बेसूर. मी हात लावून बघितलं, मला घट्ट वाटली. दोन दिवसांनी नीट बघितलं तर निपलपाशी बारीक तडा गेलेला. सैल तार असेल तर एकदम आवळायची नाही, पाव आटा, मग दोन सोडून तिसरी, असं फिरत जायचं, नाहीतर रिम वाकडी होते. पण तुटायला आलेली तार आवाजावरून ओळखणं हे कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही. बोर्डवर "बेसूर" चढलं.

२०२४ च्या जानेवारीत पुण्याला बालेवाडीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची रेस झाली तेव्हा माझा मावसभाऊ त्याच्या पोराला घेऊन गेला होता आणि आता त्याला पोरासाठी गाडी घ्यायची आहे, म्हणून मला रोज मेसेज, कुठली घेऊ, किती सीसी. त्याच्यासाठीच खरं तर हे लिहायला बसले. दादा, सीसी नंतर बघ. जुनी घेणार असशील तर ऑइलची टाकी आहे का आणि ती उतरते का ते बघ, मूठ पिळून टक् होतं का बघ, एअर फिल्टरचं झाकण उघडून आत वास घे आणि हात फिरव. विकणारा फिल्टर दाखवायला कां-कूं करत असेल तर चहा पिऊन घरी ये.

या रविवारी परत येताना गाडीत धाकटा म्हणाला, "आई, आज तुझी गाडी लाजत होती." मी विचारलं म्हणजे काय रे, तर म्हणे तू थांबलीस की ती लाजते, मग तू निघालीस की बरी होते. मला चालवताना काहीच जाणवलं नव्हतं, पण तो माझ्या मागे होता, त्याला काहीतरी दिसलं किंवा ऐकू आलं असणार. अप्पांना विचारलं, ते म्हणाले आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, धूर असेल, नाहीतर मागचा दिवा असेल. दिवा तर नाहीच आहे त्या गाडीला. मंगळवारी मुलं शाळेतून आली की चालू करून त्याला मागे उभा करणार आहे. बोर्डवर डावीकडे "लाजतेय" लिहून ठेवलंय, उजवीकडची जागा रिकामी आहे.